एम्बेडेड प्रोसेसरवर फुल ओएस चालेल का? बोर्ड घेण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

"१ गिगाहर्ट्झचा आहे, मग लिनक्स चालेलच ना?" या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, तेवढ्यावरून काहीच कळत नाही. एनएक्सपीचा आय.एमएक्स आरटी११७० चांगला १ गिगाहर्ट्झवर पळतो आणि त्याच्यावर डेबियन (लिनक्सचा एक तयार संच) कधीच चालणार नाही. उलट ऑलविनरचा एफ१सी१००एस म्हणजे त्याच्यापुढे अगदीच किरकोळ चिप, जुन्या एआरएम९ पिढीतली, पोटातच ३२ एमबी रॅम, पण त्याच्यावर खरंखुरं लिनक्स बूट होतं, शेल मिळतो, एक प्रोग्राम मेला तर बाकीचे जिवंत राहतात.

गडबड होते ती क्रमामुळे. लोक आधी मेगाहर्ट्झ बघतात, मग रॅम बघतात, मग बोर्ड मागवतात आणि मग इमेज (कार्डावर टाकायची तयार ओएसची फाइल) टाकताना कळतं की जे पहिल्यांदा बघायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून खाली ज्या प्रश्नाने चिप सरळ बाद होऊ शकते तो प्रश्न आधी घेतलाय. एखाद्या टप्प्यावर "नाही" आलं की तिथेच थांबा, पुढचं वाचून उगाच आशा वाढवू नका. आणि हो, कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

## तयारी: हाताशी काय हवं

पहिलं म्हणजे चिपचा पूर्ण पार्ट नंबर. "एसटीएम३२ आहे" म्हणून भागत नाही, कारण एसटीएम३२एच७ आणि एसटीएम३२एमपी१ ही नावं शेजारी शेजारी दिसली तरी एक मायक्रोकंट्रोलर आहे आणि दुसऱ्यात लिनक्ससाठीचे कोर आहेत. आय.एमएक्सचंही तेच, आरटी असलेले वेगळे आणि ६यूएलएल किंवा ८एम वाले वेगळे.

दुसरं, डेटाशीट आणि रेफरन्स मॅन्युअल. दोन पानी माहितीपत्रक नको, त्यात "लिनक्स सपोर्ट" एवढंच लिहिलेलं असतं आणि कुठलं लिनक्स, कुठलं कर्नल (ओएसचा गाभा), हे गुलदस्त्यात.

तिसरं, यूएसबी ते सिरियल ॲडॅप्टर, ३.३ व्होल्टवाला. बोर्डावर एचडीएमआय असलं तरी हा लागतोच, कारण बूट जिथे अडकतं तिथे स्क्रीन अजून चालूच झालेली नसते.

चौथी गोष्ट जी कोणीच करत नाही ती म्हणजे कामाची यादी. कुठले प्रोग्राम चालवायचेत, एकावेळी किती, डेटा कुठे लिहिला जाणार, स्क्रीन हवी की नको, एन्क्रिप्शन आहे का, आणि हे यंत्र किती वर्षं अपडेट घेत राहायला हवं. कागदावर लिहा खरंच, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्याला हीच यादी लागणार आहे.

## टप्पा १: कुठल्या पायरीची ओएस हवी ते आधी ठरवा

"लिनक्स पाहिजे" म्हणणाऱ्या चार जणांना चार वेगळ्या गोष्टी हव्या असतात. सगळ्यात खालची पायरी म्हणजे बिल्डरूट किंवा योक्टो वापरून आपणच बनवलेली इमेज, कर्नल, बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडचा छोटा संच) आणि आपला एक प्रोग्राम, बस्स. त्याच्या वर ओपनडब्ल्यूआरटी किंवा अल्पाइनसारखं छोटं पण पॅकेज मॅनेजर असलेलं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच). त्याच्या वर डेबियन, उबुंटू, जिथे ॲप्ट इन्स्टॉल म्हटलं की हजारो पॅकेजं हजर. आणि सगळ्यात वर डेस्कटॉप, ब्राउझर, किंवा थेट विंडोज.

खालच्या पायरीवर सोर्स तुमच्या हातात असतो, म्हणजे तुमच्या चिपला जुळेल असं सगळं कंपाइल करून घेता येतं. वरच्या पायऱ्यांवर दुसऱ्या कोणीतरी आधीच कंपाइल केलेलं येतं आणि त्यांनी जी किमान चिप गृहीत धरलीय ती तुमची नसेल तर विषय संपला.

इशारा: मोटर किंवा सेन्सरला मायक्रोसेकंदात उत्तर द्यायचंय अशी गरज असेल तर ती या यादीत वेगळी काढून ठेवा. पीआरईएम्प्ट-आरटी (लिनक्सला रिअल-टाइम बनवणारी सोय) २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आलंय हे खरं, त्याने विलंबाला लगाम बसतो, पण प्रत्येक मायक्रोसेकंद मोजायचा असेल तर ते काम मायक्रोकंट्रोलरलाच द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

## टप्पा २: एमएमयू आहे का?

मेमरी मॅनेजमेंट युनिट, एमएमयू. हा नसेल तर वरच्या तिन्ही पायऱ्या विसरा. एमएमयू प्रत्येक प्रोसेसला स्वतःची वेगळी ॲड्रेस स्पेस देतो, त्यामुळे एक प्रोग्राम दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू शकत नाही, स्वॅप (रॅममधलं तात्पुरतं डिस्कवर हलवणं) शक्य होतो, आणि फोर्क (प्रोसेसची प्रत काढून नवी सुरू करणं) करताना सगळी मेमरी लगेच कॉपी करावी लागत नाही.

ओळखायचं कसं? एआरएममध्ये कोरच्या नावातलं अक्षर बघा. कॉर्टेक्स-एम म्हणजे एमएमयू नाही, मग तो एम० असो की १ गिगाहर्ट्झचा एम७. कॉर्टेक्स-ए म्हणजे आहे. कॉर्टेक्स-आर मध्ये साधारणपणे नसतो, आर८२ सारखा अपवाद सोडला तर. जुन्यांमध्ये एआरएम९२६ मध्ये आहे, एआरएम७टीडीएमआय मध्ये नाही. रिस्क-फाइव्हमध्ये नावावरून कळत नाही, तिथे डेटाशीटमध्ये एसव्ही३२ किंवा एसव्ही३९ असा पेजिंगचा उल्लेख आणि सुपरवायझर मोड शोधायचा. ईएसपी३२-सी३ रिस्क-फाइव्ह आहे पण यातलं काही त्यात नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एमपीयूमुळे. डेटाशीटमध्ये "मेमरी प्रोटेक्शन युनिट" वाचलं की लोकांना वाटतं झालं, हेच ते. नाही हो. एमपीयू फक्त मोजक्या पट्ट्यांना परवानगी आहे की नाही एवढं सांभाळतो, पत्ते बदलून देत नाही. त्याच्यावर डेबियन उभं राहत नाही.

"पण एसटीएम३२एफ४२९ वर लिनक्स चालताना बघितलंय" असं कोणीतरी म्हणणारच. बरोबर आहे, एमएमयू नसलेल्या चिपसाठी कर्नलमध्ये सोय आहे, ईएसपी३२-एस३ वर सुद्धा लोकांनी चालवलंय. पण तिथे फोर्क नाही, व्हीफोर्कवर भागवावं लागतं, प्रत्येक प्रोग्रामचा स्टॅक किती मोठा ते आधीच ठरवावं लागतं, आणि एका प्रोग्रामचा चुकलेला पॉइंटर सरळ कर्नलला घेऊन बुडतो. अजून एक त्रास उशिरा दिसतो, मेमरीचे तुकडे पडतात. मोकळी मेमरी भरपूर दिसते पण सलग तुकडा मिळत नाही म्हणून नवीन प्रोग्राम सुरूच होत नाही, आणि हे पहिल्या दिवशी नाही तर काही दिवसांनी होतं, म्हणजे टेस्टिंगमध्ये सापडतच नाही. शिकायला मस्त, प्रॉडक्टला नको.

(२०१२ मध्ये ८ बिटच्या एव्हीआर चिपवर एआरएमचा एम्युलेटर लिहून त्यात लिनक्स बूट करून दाखवलं होतं, नुसता बॅशचा प्रॉम्प्ट यायला दोनेक तास लागायचे. "चालतं का" आणि "चालवावं का" यात किती अंतर असतं त्याचा हा नमुना.)

तपासा: एकाच चिपमध्ये दोन जातीचे कोर असू शकतात. एसटीएम३२एमपी१५७ मध्ये दोन कॉर्टेक्स-ए७ आहेत आणि सोबत एक कॉर्टेक्स-एम४. लिनक्स ए७ वर चालतं, एम४ त्याच्या हिशोबात कोर म्हणून येतच नाही. "तीन कोर आहेत" असं मोजू नका.

## टप्पा ३: इन्स्ट्रक्शन सेट आणि एबीआय जुळतात का?

सगळ्यात जास्त माणसं इथे आपटतात, म्हणून हा टप्पा नीट वाचा. इन्स्ट्रक्शन सेट म्हणजे चिपला कळणाऱ्या सूचना, एबीआय म्हणजे तयार बायनरी आणि सिस्टम एकमेकांशी जुळण्याचे नियम. एमएमयू आहे, कर्नल बूट होतंय, आणि तरीही पहिला प्रोग्राम सुरू होताच "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" येऊन सगळं बंद पडतं. कारण डिस्ट्रो ज्या किमान चिपसाठी कंपाइल केलंय ती तुमच्या चिपपेक्षा वरची आहे.

डेबियनचंच घ्या. ३२ बिट एआरएमसाठी दोन प्रकार, आर्मईएल आणि आर्मएचएफ. आर्मएचएफला एआरएमव्ही७ लागतं आणि व्हीएफपीव्ही३ फ्लोटिंग पॉइंट लागतं. पहिल्या रास्पबेरी पाय मध्ये आणि पाय झिरोमध्ये एआरएम११७६ आहे, तो एआरएमव्ही६, फ्लोटिंग पॉइंट आहे पण व्हीएफपीव्ही२. म्हणजे एक पायरी खाली. म्हणून डेबियनचं आर्मएचएफ त्याच्यावर चालत नाही आणि म्हणूनच त्याच्यासाठी सगळी पॅकेजं पुन्हा वेगळी कंपाइल करून रास्पबियन बनवावं लागलं. आता मजा अशी की रास्पबियनसुद्धा स्वतःला आर्मएचएफच म्हणवतं, त्यामुळे पाय झिरोवर कोणी डेबियनची रिपॉझिटरी जोडली की ॲप्ट काही कुरकुर न करता पॅकेज उतरवतं, इन्स्टॉलही करतं, आणि चालवल्यावर आपटतं. एआरएमव्ही५ वाल्या एआरएम९२६ साठी आर्मईएल होतं, पण त्याचा शेवटचा थांबा डेबियन १३ आहे, आणि त्यातही इन्स्टॉलर नाही. नवीन प्रॉडक्टसाठी एआरएम९ घेत असाल तर बिल्डरूटचीच तयारी ठेवा.

एक्स८६ (पीसीवाल्या इंटेल-एएमडी चिपांचं घराणं) म्हटल्यावर लोक निर्धास्त होतात, तिथेही हेच आहे. डेबियन ९ पासून ५८६ वर्गाच्या चिपा बाद झाल्या, डेबियन १२ मध्ये एएमडीचा जिओड एलएक्स बाद झाला, कारण काय तर लांब नॉप ही एक सूचना त्याला येत नाही. डेबियन १३ मध्ये ३२ बिट एक्स८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलरच नाहीत. इंटेलचा क्वार्क एक्स१००० तर आणखी नमुनेदार, त्यात लॉक प्रीफिक्सचा हार्डवेअरमधलाच दोष आहे, त्यामुळे एरवी व्यवस्थित असलेले थ्रेडवाले प्रोग्राम सेगफॉल्ट (मेमरीची चूक) देऊन बंद पडतात. "एक्स८६ आहे, काहीही टाका" या भरवशावर राहू नका.

रिस्क-फाइव्हमध्ये डेबियनला आरव्ही६४जीसी लागतं, अधिकृत सपोर्ट डेबियन १३ पासून आला. उबुंटूने २५.१० पासून आरव्हीए२३ प्रोफाइल सक्तीचं केलंय, म्हणजे त्याआधी विकले गेलेले बहुतेक सगळे बोर्ड नवीन उबुंटूला चालत नाहीत. आणि विंडोज हवं असेल तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला एआरएमव्ही८.१ लागतं, रास्पबेरी पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ हा ८.० आहे, तो बूटच होत नाही.

आता ओएस जुळली तरी तुमच्या भाषेचं रनटाइम जुळलं पाहिजे. डॉटनेटला एआरएमव्ही७ लागतं, पाय झिरोवर नाही. नोडजेएसने एआरएमव्ही६ च्या अधिकृत तयार बायनरी आवृत्ती १२ पासून बंद केल्या. गो मात्र एआरएमव्ही५ पर्यंत खाली उतरतं, गोआर्म व्हेरिएबल ५ ठेवलं की झालं. तयारीच्या यादीत जे जे लिहिलंय ते एकेक करून तपासा, नुसती ओएस तपासून थांबू नका.

दोन चुका अशा आहेत ज्यांची एरर मेसेज दिशाभूल करतात:

पहिली. फाइल समोर दिसतेय, परवानगी आहे, आणि चालवली की "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". माणूस वेडा होतो. तो मेसेज तुमच्या फाइलबद्दल नसतोच, त्या बायनरीला जो डायनॅमिक लोडर हवाय तो सापडत नाहीये. हार्ड-फ्लोट बायनरी सॉफ्ट-फ्लोट सिस्टमवर टाकली की हे हमखास होतं. रीडएल्फ कमांडला एल पर्याय देऊन बायनरी कुठला इंटरप्रिटर मागतेय ते बघा आणि तो लिब फोल्डरमध्ये आहे का बघा.

दुसरी. यूनेम एम म्हटलं की "एआर्क६४" दिसतं म्हणून ६४ बिटचं पॅकेज उतरवलं आणि ते बसेना. यूनेम कर्नलबद्दल सांगतं, बाकीच्या सिस्टमबद्दल नाही. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२ बिट इमेजमध्ये पाय ४ वर कर्नल ६४ बिटचं आणि वरचं सगळं ३२ बिटचं असं असू शकतं. डीपीकेजीला प्रिंट आर्किटेक्चर विचारा, किंवा गेटकॉन्फने लाँग बिट विचारा, ते खरं सांगतात.

तपासा (बोर्ड हातात नसताना): क्यूईएमयू (दुसऱ्या चिपचं सोंग घेणारा एम्युलेटर) हे काम फुकटात करून देतं. साध्या पीसीवर डिस्ट्रोचं रूट फोल्डर डीबूटस्ट्रॅपने तयार करा, क्यूईएमयू-सीपीयू हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तुमच्या कोरच्या नावावर सेट करा, जसं एआरएम९२६ किंवा एआरएम११७६, आणि क्रूट करून तुमचे प्रोग्राम चालवून बघा. डिस्ट्रो त्या कोरला झेपत नसेल तर इल्लीगल इन्स्ट्रक्शन तिथेच येईल. व्हेरिएबल सेट न करता केलं तर क्यूईएमयू सगळ्या सुविधा असलेला कोर दाखवतं आणि सगळं छान चालतं, त्या निकालाला काही अर्थ नाही.

तपासा (बोर्ड हातात असताना): प्रॉक मधली सीपीयूइन्फो फाइल उघडा, फीचर्सची ओळ वाचा. व्हीएफपीव्ही३, निऑन, आयडिव्ह, एईएस हे शब्द आहेत की नाहीत ते टिपून ठेवा, टप्पा ७ ला लागेल.

## टप्पा ४: बूट कसं होणार आणि कर्नल कोण देणार?

पीसीवर एकच पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनला लावला तरी चालतो, कारण यूईएफआय आणि एसीपीआय हार्डवेअरची ओळख करून देतात. बहुतेक एम्बेडेड बोर्डांवर हे नसतं. चिपमधला बूटरॉम आधी एक छोटा लोडर चिपच्या अंतर्गत एसरॅममध्ये उचलतो, तो बाहेरची डीरॅम सुरू करतो, मग यू-बूट (मुख्य बूटलोडर), मग कर्नल, आणि कर्नलला डिव्हाइस ट्री नावाची फाइल द्यावी लागते ज्यात कुठलं यंत्र कुठल्या पत्त्यावर ते लिहिलेलं असतं. त्यामुळे "आर्म६४ ची इमेज आहे ना, टाका" हे इथे जमत नाही. एकच चिप असलेल्या दोन बोर्डांनाही वेगळी डिव्हाइस ट्री लागते.

काय करायचं: मुख्य लिनक्स कर्नलचा सोर्स घ्या, आर्च फोल्डरमध्ये तुमच्या आर्किटेक्चरखाली बूट, त्यात डीटीएस, आणि तिथे तुमच्या बोर्डाचं नाव शोधा. सापडलं तर अर्धी लढाई जिंकली. फक्त चिपचं नाव सापडलं आणि बोर्डाचं नाही, तर डिव्हाइस ट्री तुम्हाला लिहावी लागेल, करता येते, वेळ धरा. काहीच सापडलं नाही तर तुम्ही पूर्णपणे चिप कंपनीने दिलेल्या कर्नलवर अवलंबून आहात.

आणि ते कर्नल किती जुनं आहे ते विचारा. ३.४, ३.१०, ४.९ असले आकडे अजून बघायला मिळतात. जुन्या कर्नलवर नवीन डिस्ट्रो ठेवलं की सिस्टमडी (बूटनंतर सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) अडतं, कारण ते ठराविक काळाने किमान कर्नल वाढवत जातं. डॉकरचंही (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) तसंच, कर्नल पुरेसं नवीन असलं तरी नेमस्पेस, सीग्रुप, ओव्हरलेएफएस हे पर्याय कंपाइल करताना चालू केलेले हवेत, आणि कंपनीच्या कर्नलमध्ये नेमके तेच बंद असतात. डॉकरवाल्यांची चेक-कॉन्फिग स्क्रिप्ट आहे, ती चालवा, दोन मिनिटांचं काम.

इशारा: विक्रेता "डेबियन चालतं" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा डेबियनचं वरचं सामान आणि कंपनीचं जुनं कर्नल अशी खिचडी असते. ॲप्टने अपग्रेड केलं तरी कर्नल तिथेच राहतं, सुरक्षेचे पॅच त्याला मिळत नाहीत. यादीत "किती वर्षं अपडेट" लिहिलंय ना, ते इथे बघा.

जाता जाता, ३२ बिट चिप आणि दीर्घ आयुष्याचं प्रॉडक्ट असेल तर २०३८ चा प्रश्न (३२ बिटमधला वेळेचा आकडा तेव्हा संपतो) पण याच यादीत घाला. डेबियन १३ ने आर्मएचएफला ६४ बिट टाइमवर नेलंय, तुमचा स्वतःचा जुना कोड आणि डेटाबेसच्या फाइली आपोआप जात नाहीत.

## टप्पा ५: रॅम, पण खरी उरणारी

इथे आकडे ढोबळ आहेत, पण अंदाजाला पुरतात. बिल्डरूटची बारीक इमेज ३२ एमबीत आरामात. ओपनडब्ल्यूआरटीसाठी ६४ एमबी म्हणजे काठावर, १२८ असतील तर बरं, आणि ४ एमबी फ्लॅश ३२ एमबी रॅमवाली यंत्रं त्यांनी कधीच सोडून दिलीयत. डेस्कटॉपशिवाय डेबियन ५१२ एमबीत नीट, २५६ मध्ये दम लागतो. ब्राउझर उघडायचा असेल तर २ जीबीच्या खाली विचारच नको, आणि खरं सांगायचं तर २ जीबीतही चार टॅबनंतर रडारड.

डेटाशीटवरची सगळी रॅम तुम्हाला मिळत नाही. जीपीयू, व्हिडिओ डिकोडर, कॅमेरा यांच्यासाठी आधीच राखून ठेवलेला भाग असतो. फ्री कमांडमध्ये टोटल किती येतं ते बघा, आणि त्यात फ्री नावाच्या रकान्याकडे नाही तर अव्हेलेबल या रकान्याकडे बघा.

दुसरं म्हणजे माप घ्यायचं ते शांत बसलेल्या सिस्टमचं नाही. छोट्या बोर्डावर सगळ्यात वाईट क्षण बहुतेकदा ॲप्ट अपडेटचा असतो, तेव्हाच कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा भाग) येऊन तुमचा मुख्य प्रोग्राम मारतो. दिवसभर नीट चालणारी गोष्ट रात्रीच्या ऑटोमॅटिक अपडेटला का पडते, तर यामुळे.

तपासा: छोटा बोर्ड घेण्याआधी मोठ्या बोर्डावरच छोट्याचं नाटक करता येतं. कर्नलच्या बूट ओळीत मेम बरोबर २५६एम आणि मॅक्ससीपीयूज बरोबर १ असं टाका, रीबूट करा, आणि तुमचं पूर्ण काम अपडेटसकट चालवा.

रॅम कमी पडली की लोक एसडी कार्डवर स्वॅप फाइल करतात. नको. वेग मरतो आणि कार्डही मरतं. झेडरॅम वापरा, तो रॅममध्येच दाबून ठेवतो, थोडा सीपीयू खातो पण परवडतं.

पाय ५ वाल्यांसाठी एक टीप, तिथलं डिफॉल्ट कर्नल १६ केबीची पेज वापरतं. ४ केबी गृहीत धरून बनवलेले प्रोग्राम, विशेषतः जेईमॅलॉक (मेमरी वाटून देणारी लायब्ररी) वाले, "अनसपोर्टेड सिस्टम पेज साइज" म्हणून बंद पडतात. रॅमशी याचा काही संबंध नसतो, ४ केबीवालं कर्नल निवडलं की चालू.

## टप्पा ६: स्टोरेज

"बोर्ड स्लो आहे" या तक्रारींमागे माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा प्रोसेसर नसतोच, कार्ड असतं. जनरल ओएस सतत छोटं छोटं लिहीत असते, लॉग, पॅकेजचा डेटाबेस, तात्पुरत्या फाइली, आणि पाकिटावरचा मोठा "१०० एमबी प्रतिसेकंद" हा आकडा सलग वाचनाचा असतो, तो इथे कामाचा नाही. ए१ मार्क बघा, त्यात किमान १५०० रँडम रीड आणि ५०० रँडम राइट प्रतिसेकंद अशी हमी असते. ए२ मध्ये ४००० आणि २००० आहे, पण त्यासाठी बोर्डाच्या कंट्रोलरला आणि ड्रायव्हरला कमांड क्यू यावी लागते, नाहीतर जास्तीचा फायदा कागदावरच.

एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या साधनाने ४ केबीचे रँडम राइट पाच-दहा मिनिटं चालवा. पहिल्या तीस सेकंदांचा आकडा फसवा असतो.

इशारा: बोर्डावर कच्चा नँड फ्लॅश असेल तर त्याच्यावर एक्स्ट४ टाकू नका. खराब ब्लॉक आणि झीज सांभाळणारा कंट्रोलर त्यात नसतो, तिथे यूबीआय आणि त्याच्यावर यूबीआयएफएसच लागतं. ईएमएमसीमध्ये कंट्रोलर आतच असतो, तिथे एक्स्ट४ बिनधास्त.

वीज कधीही जाऊ शकते अशा जागी यंत्र बसणार असेल तर रूट फाइल सिस्टम फक्त वाचनासाठी माउंट करा आणि लिहिण्यासाठी वेगळं पार्टिशन ठेवा. हे शेवटी करू म्हणून ठेवलं की राहतं, आधीच करा.

## टप्पा ७: किरकोळ वाटणाऱ्या पण गाडी अडवणाऱ्या गोष्टी

घड्याळ. बॅटरीवालं आरटीसी नसेल तर बोर्ड प्रत्येक वेळी जुन्या काळात जागा होतो, मग टीएलएस सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" म्हणतं, अपडेट उतरत नाही, आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. आधी वेळ बघा.

रँडम नंबर. हार्डवेअर जनरेटर नसलेल्या जुन्या चिपवर आणि जुन्या कर्नलवर पहिल्या बूटला एसएसएच सुरू व्हायला मिनिटं लागू शकतात, लोक अडकलं समजून वीज काढतात आणि अर्धवट की तयार होतात.

एन्क्रिप्शन. पाय ३ आणि पाय ४ मध्ये कोर एआरएमव्ही८ असूनही एईएसच्या सूचना नाहीत, पाय ५ मध्ये आहेत. सीपीयूइन्फोच्या ओळीत एईएस नव्हतं ना? मग डिस्क एन्क्रिप्शन किंवा व्हीपीएनचा वेग क्रिप्टसेटअप बेंचमार्कने आधी मोजा. डिस्कसाठी अशा चिपवर एडिअँटम हा पर्याय आहे, तो एईएसपेक्षा बराच हलका पडतो.

नेटवर्क. "गिगाबिट" लिहिलंय म्हणजे गिगाबिट मिळेल असं नाही, पाय ३बी+ मध्ये इथरनेट यूएसबी २ वरून जातं आणि जेमतेम ३०० मेगाबिटपर्यंत पोचतं.

जीपीयू. स्क्रीन नको असेल तर हा परिच्छेद सोडा. हवी असेल तर मेसामध्ये (लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) ड्रायव्हर आहे का बघा, मालीच्या जुन्या ४०० मालिकेसाठी लिमा, नंतरच्यांसाठी पॅनफ्रॉस्ट. नसेल तर सगळं चित्र सीपीयू काढतो, ग्राफिक्सच्या माहितीत एलएलव्हीएमपाइप असं नाव दिसलं की समजायचं. खिडकी सरकवताना चारही कोर शंभर टक्के.

## टप्पा ८: लोड देऊन तापवून बघा

लॉगिन प्रॉम्प्ट आला की लोक "चालतंय" म्हणून फोटो टाकतात. प्रॉम्प्टने एवढंच कळतं की कर्नल उठलं. यादीतलं खरं काम, खऱ्या डब्यात बंद करून, निदान एक रात्र तरी चालू ठेवा. टेबलावर उघडा ठेवलेला बोर्ड आणि प्लास्टिकच्या डब्यातला तोच बोर्ड, दोन्हींचे निकाल वेगळे येतात.

क्रम असा ठेवा. आधी स्ट्रेस-एनजीने सगळे कोर भरा आणि सिस फोल्डरमधल्या थर्मल झोनचं तापमान दर मिनिटाला फाइलमध्ये लिहा, आकडा हजारात असतो, ६५००० म्हणजे ६५ अंश. सोबत स्केलिंग-कर-फ्रीक्वेन्सी पण लिहा, वेग कुठे पडला ते त्यातच दिसतं. पायवर ८० अंशांच्या पुढे फर्मवेअर वेग कापायला लागतं. मग त्याच वेळी नेटवर्क आणि डिस्क दोन्हींवर ताण द्या, कारण एकेकट्या टेस्टमध्ये पास झालेला बोर्ड तिन्ही एकदम आले की वीजपुरवठ्यात मार खातो. पायवर व्हीसीजेनकमांडला गेट-थ्रॉटल्ड विचारा, ०एक्स० आलं तर ठीक, ०एक्स५०००५ सारखं काही आलं तर व्होल्टेज पडलंय आणि वेग कापला गेलाय. तिथे प्रोसेसरला दोष देऊ नका, ॲडॅप्टर आणि केबल बदला, मग पुन्हा सगळी टेस्ट पहिल्यापासून.

शेवटी डीमेसेज (कर्नलचा लॉग) वाचा, सगळा. एमएमसी एरर, यूएसबी डिस्कनेक्ट, ओओएम, यातलं एकही दिसलं तर टेस्ट नापास, मग रात्रभर बाहेरून कितीही सुरळीत दिसलेलं असो.

## कुठे "नाही" आलं तर पुढे काय

टप्पा २ ला नाही आलं तर झेफिर किंवा फ्रीआरटीओएस (मायक्रोकंट्रोलरसाठीच्या छोट्या ओएस) घ्या, त्या चिपा त्यासाठीच आहेत. टप्पा ३ ला आलं तर एक पायरी खाली उतरून बिल्डरूट बघा, स्वतः कंपाइल केल्यावर बरेच एआरएम९ आणि एमआयपीएसवाले कामाला येतात, फक्त पुढचे सुरक्षा अपडेट मग तुम्हीच बनवायचे आणि तुम्हीच पाठवायचे. टप्पा ४ ला आलं तर चिप कितीही आवडली असली तरी सोडा, जुन्या कर्नलशी वर्षानुवर्षं झुंजण्यापेक्षा मुख्य कर्नलमध्ये असलेला दुसरा बोर्ड शोधणं सोपं. रॅम आणि स्टोरेजवर नाही आलं तर बहुतेक वेळा त्याच घराण्यातला मोठा भाऊ मिळतो, तिथे सॉफ्टवेअर जवळपास तसंच राहतं, पण डिव्हाइस ट्री बदलते, म्हणून टप्पा ४ परत करा आणि टप्पा ८ तर पूर्णच परत.

आणि पहिल्या टप्प्यात मायक्रोसेकंदवाली गरज वेगळी काढून ठेवली असेल तर एसटीएम३२एमपी१५ किंवा आय.एमएक्स८एम मिनीसारखी मिश्र चिप बघा, वेळेचं काम एम४ वर, बाकी सगळं लिनक्सवर. दोघांमधलं बोलणं आरपीमेसेजने होतं, आणि त्यासाठी दोघांनी वापरायचा मेमरीचा भाग डिव्हाइस ट्रीमध्ये आधीच राखून ठेवावा लागतो. तो ठेवला नाही तर लिनक्स तीच मेमरी स्वतःच्या कामाला वापरतं, एम४ त्याच्यावरून लिहितो, आणि मग असे क्रॅश येतात ज्यांचा कुठल्याच लॉगमध्ये पत्ता लागत नाही.